सूक्ष्म नळीची विद्या आणि आपला गोठा

गाय गाभण राहिली म्हणजे घरांतील वडील मंडळींच्या मनांत नऊ महिने एकच प्रश्न घोळत असे : कालवड होईल कीं गोऱ्हा? कोणी गाईच्या चालण्यावरून अंदाज बांधी, कोणी तिच्या पोटाच्या ठेवणीवरून. आणि शेवटीं देवावर हवाला ठेवून सर्वजण स्वस्थ बसत. आज या प्रश्नाचें उत्तर गाय फळण्यापूर्वींच बहुतांशीं ठरवितां येतें. केसाएवढ्या रुंदीच्या नळींतून वळूचें रेत वाहवून त्यांतील शुक्रजंतू एकएक पाहून निवडण्याची विद्या शास्त्रज्ञांनीं साध्य केली आहे. अशा रीतीनें तयार केलेल्या कांडीस सरकारी कागदांत ‘लिंगविनिश्चित रेतमात्रा’ म्हणतात. बाजारांत व गोठ्यांत तिला ‘सेक्स्ड सीमेन’ हें नांव रूढ झालें आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ही कांडी वापरली असेल. कित्येकांस लागोपाठ दोन कालवडी मिळून ते प्रसन्न असतील. कित्येकांची गाय तीनदां उलटल्यामुळें ते या विद्येस लबाडी म्हणत असतील. आमच्या मतें दोन्ही पक्ष घाईनें बोलतात. ही विद्या लबाडी नव्हे. पण एका यंत्रांत सुरू होऊन त्याच यंत्रांत संपणारीही नव्हे. तिची साखळी प्रयोगशाळेंतील सूक्ष्म नळींत सुरू होते आणि तिचें शेवटचें कडें आपल्या गोठ्यांत आहे. तें कडें आपण घट्ट केलें नाहीं, तर आधींचीं सर्व कडीं कितीही मजबूत असोत, साखळी तुटणारच. हेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम ही उठाठेव कशासाठीं, तें पाहूं. बैलाच्या बळावर शेती चालत होती तोंवर गोऱ्हा झाला तरी घरांत कोणी खंत करीत नसे. तीन-चार वर्षांनीं तो जुंपावयास येई. आज नांगरट, पेरणी व मळणी हीं कामें बहुतेक ठिकाणीं ट्रॅक्टरावर होतात. त्यांत संकरित गाईच्या गोऱ्ह्यास देशी बैलासारखें वशिंड नसल्यामुळें तो जुवाखालीं फारसा उपयोगी पडत नाहीं. २०१५ सालीं आपल्या राज्यांत वळू व बैल यांच्या कत्तलीसही बंदी झाली. त्या कायद्याच्या युक्तायुक्ततेचा वाद आम्ही येथें करीत नाहीं. परंतु नको असलेल्या गोऱ्ह्यास गिऱ्हाईक नाहीं आणि त्यास पोसण्याची ऐपतही नाहीं, अशा पेचांत लहान दूध-उत्पादक सांपडला आहे, हें कोणासही नाकारतां येणार नाहीं. मग गोऱ्हा उपाशी राहतो, अथवा रात्रीं कोणी न पाहील अशा वेळीं रस्त्यावर सोडला जातो. त्यांत जनावराचे हाल होतात, दुसऱ्याच्या उभ्या पिकाचें नुकसान होतें, आणि सोडणाऱ्याच्या मनासही बोचणी लागते. ज्या विद्येनें हा पेच सुटण्यासारखा आहे तिची उपेक्षा करणें आपणांस परवडणार नाहीं.

आतां या विद्येचा इतिहास थोडक्यांत. १९४९ सालीं इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स या तिघांनीं, ग्लिसरीन मिसळल्यास शुक्रजंतू गोठवूनही जिवंत राहतात, असा शोध प्रसिद्ध केला. त्यायोगें वळू एका मुलखांत आणि गाय दुसऱ्या मुलखांत असली तरी रेतन शक्य झालें. पुढें उणे १९६ अंश तपमानाच्या द्रवरूप नायट्रोजनाच्या टाकींत कांड्या वर्षानुवर्षें टिकूं लागल्या. आपल्याकडे मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं स्थापिलेल्या उरुळीकांचन येथील ‘बाएफ’ संस्थेनें ही सोय शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याचें मोठें काम केलें. पण कालवड कीं गोऱ्हा, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचें उत्तर अमेरिकेच्या शेतीखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधनकेंद्रांत लॉरेन्स जॉन्सन व त्यांचे सहकारी यांनीं शोधिलें. निवडलेल्या शुक्रजंतूंपासून सशाचीं पिलें जन्मास आल्याचें त्यांनीं १९८९ सालीं जाहीर केलें. पुढें तीच रीत गाईंस लागू होऊन, या शतकाच्या आरंभीं अशा कांड्या इंग्लंड-अमेरिकेंत विक्रीस आल्या.

या निवडीचें मर्म असें. शुक्रजंतूंचे प्रकार दोन. एकांत एक्स नांवाचें गुणसूत्र असतें, दुसऱ्यांत वाय. एक्सवाला अंड्यास मिळाला तर कालवड, वायवाला मिळाला तर गोऱ्हा. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. भेद एवढाच कीं, गाईच्या जातींत एक्सवाल्याच्या अंगचें डीएनए नांवाचें आनुवंशिक द्रव्य वायवाल्यापेक्षां सुमारें शेंकडा ४ नें अधिक असतें. आपण खळ्यांत धान्य उफणतों तेव्हां दाणा व भूस यांच्या वजनांत कितीतरी पटींचें अंतर असतें, म्हणून तें काम वारा करतो. येथें अंतर शंभरास चाराचें, आणि दाणा असा कीं त्याच्या डोक्याची लांबी मिलिमीटराच्या सुमारें शंभराव्या हिश्श्याएवढी. हें उफणणें वाऱ्याचें काम नव्हे.

म्हणून शुक्रजंतूंस प्रथम डीएनएला चिकटणारा एक रंग देतात आणि त्यांस एका ओळींत लेसर किरणापुढून नेतात. ज्यांत डीएनए अधिक, तो किंचित् अधिक चमकतो. ती चमक मोजून यंत्र क्षणार्धांत निर्णय करतें. पहिल्या पद्धतींत प्रवाहाचे बारीक थेंब पाडून, ज्या थेंबांत हवा तो जंतू असेल त्यास विजेचा भार देतात. मग विद्युत्‌भारित पट्ट्यांच्या ओढीनें निरनिराळे थेंब निरनिराळ्या नळ्यांत पडतात. सेकंदास हजारों जंतू अशा रीतीनें तपासले जातात. परंतु यांत एक मोठी अडचण होती. वळूच्या शुक्रजंतूचें डोकें वाटाण्यासारखें गोल नसून वल्ह्याच्या पात्यासारखें चपटें असतें. तें किरणापुढें सपाट अंगानें आलें तर चमक एक, आणि कडेनें आलें तर दुसरी. शेंकडा चाराचा भेद त्या घोटाळ्यांत केव्हांच बुडून जातो. यास्तव प्रत्येक जंतू एकाच अंगानें किरणापुढें यावा, ही या सर्व खटाटोपाची किल्ली होय.

ही किल्ली सूक्ष्म नळींत सांपडते. पाटाचें पाणी आपण नित्य पाहतों. रुंद पाटांत जोरानें पाणी सोडलें कीं भोंवरे उठतात आणि काडीकचरा गिरक्या घेत जातो. पण नळी केसाएवढी झाली म्हणजे पाण्याचा स्वभाव बदलतो. तेथें भोंवरा उठत नाहीं. दोन प्रवाह शेजारीं शेजारीं सोडले तर ते फार सावकाश मिसळतात, आणि तोंवर पदराला पदर लावून चालतात. दोन्ही बाजूंनीं स्वच्छ द्रव सोडला कीं मधला प्रवाह चेपला जातो. त्या चेपण्यानें चपटा जंतू हव्या त्या अंगावर वळतो, आणि मेंढ्या वाड्याच्या अरुंद दारांतून एकएक निघाव्या त्याप्रमाणें शुक्रजंतू ओळीनें पुढें सरकतात. अशा नळ्या कांचेंत, प्लॅस्टिकांत अथवा सिलिकोनच्या रबरांत पाडलेल्या लहानशा पट्टीस ‘सूक्ष्मप्रवाही चिप’ म्हणतात. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या मंडळीनें सिलिकोन रबर सांच्यांत ओतून अशा नळ्या झटपट करण्याची रीत १९९८ सालीं प्रसिद्ध केली. २००० सालीं कॅलिफोर्नियांतील स्टीफन क्वेक यांच्या मंडळीनें त्याच रबराच्या झडपा करून दाखविल्या. पाटास जशीं दारें, तशीं या नळ्यांस दारें मिळालीं. जिवंत पेशी मोजणें, निवडणें व वाढविणें हीं कामें त्यायोगें हाताच्या तळव्याएवढ्या जागेंत होऊं लागलीं. २०१७ सालीं जीनस नांवाच्या ब्रिटिश कंपनीनें जी पद्धति बाजारांत आणली, तींत थेंब पाडणें व त्यांस विजेचा भार देणें सोडून दिलें आहे. जंतू चिपच्या नळींतून जात असतांनाच वायवाल्यास लेसरच्या झटक्यानें निकामी करितात. एक्सवाला निर्वेध पुढें जातो.

तथापि नळी पाडणें हें या कामाचें सोपें अंग आहे. कठीण अंग तें निरनिराळ्या क्रियांची सांगड घालण्याचें. रेत ताजें असतांना तपासावयाचें. त्यास नेमका रंग द्यावयाचा. प्रवाहाचा दाब तसूभरही कमीजास्त होऊं द्यावयाचा नाहीं. चमक मोजून निर्णय तत्क्षणीं अमलांत आणावयाचा. निवडलेले जंतू आदळून मरूं नयेत अशा बेतानें झेलावयाचे. जादा पाणी काढून त्यांत पोषक द्रव घालावयाचा. कांडी भरावयाची आणि शेवटीं गोठवावयाची. यांपैकीं एक पायरी चुकली तर बाकीच्या सर्व व्यर्थ. या विषयांतील जाणती मंडळी थट्टेनें म्हणतात कीं, सारी प्रयोगशाळा चिपवर आणूं म्हणतां म्हणतां पुष्कळदां चिपच प्रयोगशाळेंत अडकून बसते : बोटाएवढी पट्टी आणि तिच्या चाकरीस खोलीभर यंत्रें! सूक्ष्म नळ्यांचे कित्येक सुंदर प्रयोग याच कारणानें कागदावर राहिले. गोरेतनाच्या बाबतींत मात्र ही सांगड बसली, म्हणूनच ती विद्या आपल्या वेशीपर्यंत येऊन पोंचली आहे.

आपल्या देशानेंही यांत पाऊल टाकिलें आहे. ता. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं आपल्याच राज्यांत वाशीम येथें पंतप्रधानांच्या हस्तें देशी बनावटीच्या लिंगविनिश्चित रेत-तंत्राचा आरंभ झाला. त्यायोगें दर मात्रेमागें सुमारें २०० रुपये खर्च कमी व्हावा असा हेतु जाहीर करण्यांत आला. बराच काळ या विद्येचीं पेटंटें परदेशांतील थोड्या हातांत होतीं व किंमतही त्यांच्याच हातीं होती, हें ध्यानांत घेतां ही गोष्ट लहान नव्हे. त्याच समारंभांत देशी गाईंसाठीं ‘गौचिप’ व म्हशींसाठीं ‘महिषचिप’ यांचाही आरंभ झाला. त्या नांवावरून पुष्कळांचा घोटाळा होतो. त्या चिपांचें काम जनावराच्या डीएनएवरून त्याचे आनुवंशिक गुण वाचण्याचें आहे. रेत निवडण्याशीं त्यांचा संबंध नाहीं. विक्रेता ‘चिप, चिप’ म्हणूं लागला तर कोणती चिप व काय करणारी, हें आधीं विचारावें.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. साध्या कांडींत सुमारें २ कोटी शुक्रजंतू भरण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. लिंगविनिश्चित कांडींत ते साधारणतः २० लाख असतात. कांहीं नव्या पद्धतींत ४० लाखांपर्यंत. कारण उघड आहे : एकएक जंतू निवडावयाचा म्हणजे यंत्राचा वेळ मोजून वापरावा लागतो. शिवाय रंग, किरण, दाब व वेग यांतून गेलेले जंतू थोडेबहुत दमलेले असतात. त्यांचें आयुष्यही साध्या जंतूंहून कमी असतें. शेतकऱ्यास हें वेगळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्यास पेरणीस पायलीभर बीं आहे तो चार दाणे वायां गेले तरी चिंता करीत नाहीं. पण ज्याच्या हातीं दहावा हिस्साच बीं आहे आणि तेंही महागाचें, तो वाफा भुसभुशीत करतो, ओल पाहतो, आणि दाणा टाकतांना हात आंवरून टाकतो. लिंगविनिश्चित कांडी हें असें दहाव्या हिश्श्याचें बीं आहे. आपण मात्र ती साध्या कांडीच्याच सैल हातानें वापरतों आणि पीक आलें नाहीं कीं बियाण्यास दोष देतों.

हा दोष आम्ही दुसऱ्यांस देत नाहीं. आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमच्या एका कालवडीस दोन वेळां ही मात्रा दिली आणि दोन्ही वेळां ती उलटली. तिसऱ्या खेपेस साधी कांडी दिली; ती गाभण राहिली आणि गोऱ्हा झाला. आम्हीं रागारागानें तक्रार लिहावयास घेतली. लिहूं लागलों तों पहिल्याच ओळीस अडलों. माज केव्हां सुरू झाला? गडी म्हणाला, सकाळीं. घरांतून सांगण्यांत आलें कीं आदल्या सायंकाळींच कालवड हंबरत होती. कांडी किती वाजतां दिली? कोणासच आठवेना. कोणत्या वळूची? कांडीचें टरफल उकिरड्यावर गेलें होतें. ती कितपत ऊन पाण्यांत वितळविली? चुलीवरच्या पातेल्यांतील पाणी बोटानें पाहून घेतलें होतें! ज्या आम्हीं सारी हयात महसूल खात्यांत दुसऱ्यांच्या नोंदींतील चुका काढण्यांत घालविली, त्या आमच्याच गोठ्यांत नोंदीचें नांव नव्हतें. दोष यंत्राचा होता, टाकीचा होता, रेतन करणाऱ्याचा होता कीं आमचा, हें ठरविण्यास कांहींच साधन उरलें नाहीं. तक्रार फाडून टाकिली आणि वही आंखली.

दुसरी गोष्ट हिशेबाची. विक्रीच्या बोलण्यांत ‘शेंकडा ९० कालवडी’ हे शब्द वारंवार येतात. त्यांचा अर्थ, जन्मास येणाऱ्या शंभर वासरांत सुमारें नव्वद कालवडी, असा आहे. शंभर कांड्यांस नव्वद कालवडी असा नव्हे. हा भेद न कळल्यामुळें पुष्कळांची निराशा होते. केवळ हिशेबासाठीं दहा कालवडी धरूं. साध्या मात्रेनें त्यांतील ५ पहिल्या खेपेस गाभण राहिल्या असें मानूं; त्यांपासून सरासरीनें अडीच कालवडी व अडीच गोऱ्हे मिळतील. लिंगविनिश्चित मात्रेनें गर्भधारणेचें प्रमाण कांहींसें कमी राहतें, म्हणून ४ च गाभण राहिल्या असें धरूं. शेंकडा ९० प्रमाणें त्यांच्या ३.६ कालवडी होतील. म्हणजे एकाहून अधिक कालवड जास्त आणि दोहोंहून अधिक गोऱ्हे कमी. परंतु रिकामीं राहिलेलीं जनावरें पांचांऐवजीं सहा झालीं; त्या जादा जनावराचे २१ दिवसांचे वैरण-पेंडीचे पैसे आणि दहाही कांड्यांची जादा किंमत, हें वजा घालावें लागेल. आणि पांचांच्या जागीं तिहींहूनही कमी गाभण राहूं लागल्या, तर कालवडींचाही लाभ राहत नाहीं. पैसे मात्र जातात. नफा-तोट्याची सीमा कोठें आहे, हें यावरून कळेल. ती सीमा आपल्या बाजूस ठेवणें बव्हंशीं आपल्या हातीं आहे.

या विद्येवर कांहीं आक्षेप घेतले जातात, त्यांचाही विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल कीं, हें सृष्टिक्रमाच्या विरुद्ध आहे. आज गाईचें झालें, उद्यां माणसाचें होईल. माणसांत लिंगनिवड करण्यास १९९४ च्या कायद्यानें मनाई आहे, ती सर्वथा योग्य आहे आणि तींत रेसभरही ढिलाई असूं नये. पण जनावराची पैदास माणूस पिढ्यान्‌पिढ्या निवडीनेंच करीत आला आहे. गोऱ्हा जन्मास घालून रस्त्यावर सोडण्यापेक्षां तो न जन्मूं देणें अधिक दयेचें आहे, असें आम्हांस वाटतें. दुसरा म्हणेल कीं, आम्हांस गोऱ्हाच हवा. माणदेशांतील खिल्लार पाळणाऱ्याचें हें म्हणणें अगदीं रास्त आहे. त्याच्या घरीं चांगला खोंड म्हणजे सोनें. त्यास उत्तर असें कीं, हें तंत्र पक्षपाती नाहीं. एक्स वेगळा करतां येतो तसा वायही वेगळा करतां येतो. देशी जातींच्या कांड्या, आणि मागणी असेल तेथें खोंडाच्या कांड्या, मिळाव्या अशी मागणी संघानें केली पाहिजे. तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. थोड्याच वळूंच्या कांड्या गांवोगांव गेल्या तर कांहीं वर्षांनीं बापाचीच कांडी लेकीस दिली जाईल आणि पैदास खालावेल. हा धोका खरा आहे. साध्या कांडींतही तो होताच. पण कालवडी अधिक जन्मतील तसा तो वाढेल. त्यावर उपाय एकच : प्रत्येक कालवडीच्या बापाचा क्रमांक लिहिलेला असणें.

यावरून आमची सूचना वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. सभासदांनीं पुढील गोष्टी कराव्या असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

पहिली, जनावराची निवड. ही मात्रा प्रथम निरोगी, पुरेशा वजनाच्या व नियमित माजावर येणाऱ्या कालवडींस द्यावी. वारंवार उलटणाऱ्या गाईवर महाग कांडीची परीक्षा पाहूं नये. तिच्यावर आधीं उपचार करावा.

दुसरी, माजाची वेळ. सकाळ-सायंकाळ जनावराजवळ उभें राहून पाहावें आणि माज प्रथम दिसला ती वेळ तेव्हांच लिहावी. सकाळीं माज दिसल्यास सायंकाळीं रेतन करावें, हा जुना नियम सर्वांस ठाऊक आहे. निवडलेल्या शुक्रजंतूंचें आयुष्य कमी असल्यामुळें तज्ज्ञ या मात्रेसाठीं याहून कांहींसा उशीर करण्याचा सल्ला देतात. तो किती, हें आपल्या पशुवैद्यास विचारून ठरवावें.

तिसरी, कांडीची राखण. टाकींतील नायट्रोजन उतरला म्हणजे कांडी मेली, मग तिच्यावर कितीही उंची वळूचा शिक्का असो. कांडी ३७ अंशांच्या पाण्यांत सुमारें ३० सेकंद धरून वितळवावी, आणि पाणी तपमापकानें मोजावें. तपमापकाची किंमत एका कांडीपेक्षां अधिक नसावी. नसला तर संघानें द्यावा. वितळलेली कांडी हातांत धरून गप्पा मारीत बसूं नये.

चौथी, नोंदवही. रकाने थोडेच असावे : जनावराच्या कानांतील १२ अंकी बिल्ल्याचा क्रमांक, माज दिसल्याची तारीख व वेळ, रेतनाची तारीख व वेळ, कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक, जात, तारीख व रेतकेंद्राची खूण, रेतन करणाराचें नांव, उलटली कीं गाभण, आणि शेवटीं कालवड कीं गोऱ्हा. कांडीचें रिकामें टरफल धुऊन त्याच पानास चिकटवावें. एका जनावरास एक ओळ. घरांतील शाळकरी मुलासही हें काम जमेल.

पांचवी गोष्ट संघाची. एकट्या शेतकऱ्याच्या दोन उलटलेल्या गाई म्हणजे निव्वळ तक्रार. पण पन्नास सभासदांच्या वह्या एकत्र केल्या तर तो पुरावा होतो. दर तीन महिन्यांनीं चिटणीसांनीं सर्व वह्यांची गोळाबेरीज करून, कोणत्या केंद्राच्या कांडीस किती गाभण राहिल्या, कोणत्या टाकींतील कांड्या वारंवार फसल्या, आणि शंभर वासरांत खरोखर किती कालवडी झाल्या, हें याच मासिकांत छापावें. मग पुरवठादाराशीं भाव ठरवितांना आपल्या हातीं आंकडे असतील. मात्रेच्या किंमतींत सरकारची सवलत असली तरी उरलेला पैसा आपलाच आहे, आणि सवलतीचा पैसाही शेवटीं लोकांचाच.

जातां जातां एक इशारा. कालवडी वाढल्या आणि वैरण वाढली नाहीं तर एका दुःखाच्या जागीं दुसरें येईल. ज्याच्या घरीं चार जनावरांचाच चारा आहे त्यानें चारच, पण चांगल्या आईच्या, कालवडी राखाव्या आणि बाकीच्या गाईंस साधी कांडी द्यावी. किती जनावरें पोसतां येतील हें कोणतीही चिप सांगणार नाहीं. तें आपला बांध व आपली विहीर सांगेल.

परदेशांतील विद्वानांनीं केसाएवढ्या नळींत प्रवाह, किरण, वीज व जिवंत जंतू यांची सांगड घालण्यासाठीं कित्येक वर्षें खर्चिलीं. त्या साखळीचें उरलेलें कडें घट्ट करण्यास आपणांस एक घड्याळ, एक तपमापक आणि एक आंखलेली वही पुरे आहे. पुढील वार्षिक सभेंत नोंदवहीचा ठराव मांडण्याचा आमचा विचार आहे. सभासदांनीं त्यास नुसती मान्यता देऊन थांबूं नये; येतांना आपल्या गोठ्यांतील निदान एका जनावराची ओळ भरून आणावी, एवढीच विनंती.